वाचाघात, विस्मृती आणि उड्डाण : 'विंग्ज' आणि 'नो मोअर वर्ड्स' मधील वृद्ध वैमानिक

प्रस्तावना

वार्धक्यातील विस्मृती हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य साहित्याचा एक प्रमुख आशयविषय झाला. आयुर्मान वाढले, संयुक्त कुटुंबे विरली, पक्षाघाताच्या झटक्यातून रुग्ण वाचू लागले. परंतु वाचलेला माणूस पूर्वीचाच असेल याची शाश्वती राहिली नाही. या विषयावरील लेखनात वृद्ध वैमानिकाची व्यक्तिरेखा विशेष लक्ष वेधून घेते. ज्याने आयुष्यभर आकाश पाहिले तो खुर्चीला खिळतो, ज्याला दिशा कळत होत्या त्याला स्वतःची खोली सापडत नाही, हा विरोध इतका ठळक आहे की लेखकाला फारसे काही करावेच लागत नाही. पंख छाटलेला पक्षी, पिंजरा, मुक्ती, अनंतात विलीन होणे अशी प्रतिमांची रांग आपोआप तयार होते. या तयार प्रतिमांमुळे आजारी माणूस मात्र दिसेनासा होतो. रुग्णाच्या शांततेला नातेवाईक आपल्या सोयीचा अर्थ देतात. 'ते आता त्यांच्या आकाशात आहेत' असे म्हणून मोकळे होतात.

या मोहाला बळी न पडलेल्या दोन साहित्यकृती प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतल्या आहेत. आर्थर कोपिट यांचे 'विंग्ज' (1978) हे नाटक आणि रीव्ह लिंडबर्ग यांचे 'नो मोअर वर्ड्स' (2001) हे आपल्या आईच्या अखेरच्या काळाविषयीचे पुस्तक. दोन्हींच्या केंद्रस्थानी एकेकाळी विमान चालवलेली वृद्ध स्त्री आहे. दोन्ही कृतींत उड्डाण हे स्वातंत्र्याचे प्रतीक नसून जमिनीवरील माणसांवर अवलंबून असलेले एक कौशल्यपूर्ण काम आहे, आणि म्हणूनच या कृतींचा खरा प्रश्न 'वैमानिक कोठे गेला' हा नसून 'जमिनीवरच्यांनी काय करावे' हा आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

वडिलांच्या आजारातून आलेले, वडील नसलेले नाटक

'विंग्ज'ची जन्मकथा सर्वज्ञात आहे. 1976 मध्ये कोपिट यांच्या वडिलांना पक्षाघाताचा तीव्र झटका आला आणि त्यांची वाचा गेली. त्याच वर्षी अमेरिकन सार्वजनिक नभोवाणीच्या 'इअरप्ले' या उपक्रमासाठी श्रुतिका लिहिण्याचे निमंत्रण कोपिट यांना मिळाले. वडिलांवर उपचार चालू असलेल्या न्यूयॉर्क राज्यातील पुनर्वसन केंद्रात त्यांना इतरही रुग्ण भेटले. त्यांत एक वृद्ध स्त्री होती. तरुणपणी ती वैमानिक होती आणि उडत्या विमानाच्या पंखावर चालून कसरती करीत असे. नाटकाची नायिका एमिली स्टिल्सन हिची कल्पना तिच्यावरून सुचली. श्रुतिकेचे पुढे रंगमंचीय नाटक झाले; 1978 मध्ये येल रेपर्टरी थिएटरमध्ये आणि 1979 मध्ये ब्रॉडवेवर त्याचे प्रयोग झाले. एमिलीच्या भूमिकेसाठी कॉन्स्टन्स कमिंग्ज यांना त्या वर्षीचा टोनी पुरस्कार विभागून मिळाला.

मुलाने वडिलांच्या आजारावर नाटक लिहिले आणि त्यातून वडिलांनाच वगळले, ही बाब समीक्षेत बहुधा माहितीपुरती नोंदवली जाते. तिचे महत्त्व त्याहून अधिक आहे. वडील बोलू शकत नव्हते, म्हणजे त्यांच्या मनात काय चालले आहे हे मुलाला कळण्याचा मार्ग नव्हता. अशा वेळी त्यांच्या तोंडी शब्द घालणे हा एक प्रकारचा अधिक्षेप ठरला असता. परक्या स्त्रीच्या बाबतीत मात्र कल्पनेला मोकळीक होती. तिच्याजवळ बोलता येण्याइतकी भाषा उरली होती आणि तिचा भूतकाळ लेखकाच्या भूतकाळात गुंतलेला नव्हता. कोपिट यांनी घेतलेले हे अंतर भावनिक माघार नव्हे, ती लेखकाची सचोटी आहे.

नाटकाच्या आरंभी एमिली खुर्चीत पुस्तक वाचत बसलेली असते. घड्याळाची टिकटिक चालू असते आणि मध्येच एक ठोका चुकतो. त्यानंतरच्या 'कॅटॅस्ट्रॉफी' या भागाची छापील संहिता स्तंभांमध्ये विभागलेली आहे. बाहेर काय दिसते व ऐकू येते आणि एमिलीच्या आत काय चालले आहे, हे शेजारी शेजारी मांडले जाते. वाचकाची नजर कोणत्या स्तंभावर स्थिरावावी हे ठरत नाही. नाटक वाचण्याची सवयच येथे मोडते.

रूपक की लक्षणा?

वाचाघात म्हणजे विस्मृती नव्हे, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. 1861 मध्ये ब्रोका आणि 1874 मध्ये व्हेर्निके यांनी दाखवून दिले की मेंदूच्या विशिष्ट भागांना इजा झाल्यास भाषेची विशिष्ट अंगे बाधित होतात. काही रुग्ण अडखळत, तुटक बोलतात. काही ओघवते परंतु अर्थहीन बोलतात आणि आपण नीट बोलत आहोत असे त्यांना वाटते. एमिलीला आरंभी असाच अनुभव येतो. डॉक्टरांच्या प्रश्नांना ती आपल्या मते समर्पक उत्तरे देते, प्रेक्षकांना मात्र शब्दांचा चुराडा ऐकू येतो. तिची आठवण संपूर्ण पुसली गेलेली नाही. आठवणीपर्यंत नेणारी शब्दांची वाट उखडली आहे. 'आठवण गेली' आणि 'आठवण सांगता येत नाही' यांतील हा भेद कुटुंबीयांच्या नजरेत सहसा येत नाही, आणि रुग्णाची खरी कोंडी येथेच होते.

रोमान याकबसन यांनी 1956 मध्ये वाचाघाताचे भाषावैज्ञानिक विवेचन करताना दोन प्रकार मानले. पहिल्या प्रकारात साम्यावर आधारित निवड करण्याची क्षमता बाधित होते आणि रुग्ण सान्निध्यावर विसंबतो. दुसऱ्यात याच्या उलट घडते. साहित्यात या दोन अक्षांना त्यांनी अनुक्रमे रूपक आणि सान्निध्यमूलक अर्थान्तर यांच्याशी जोडले. भारतीय काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला हा भेद अपरिचित नाही. सादृश्यावर उभी असलेली गौणी लक्षणा आणि सादृश्याखेरीज अन्य संबंधांवर उभी असलेली शुद्धा लक्षणा असा फरक मम्मटाने केलेलाच आहे. गंगेवर गवळीवाडा आहे असे म्हटल्यावर तो तीरावर आहे हे आपल्याला कळते, ते गंगा व तीर यांत साम्य आहे म्हणून नव्हे, ती दोन्ही लगत आहेत म्हणून.

'विंग्ज'मधील उड्डाणाकडे या दृष्टीने पाहिल्यास एक प्रचलित गैरसमज दूर होतो. बहुतेक वाचक उड्डाणाला आजाराचे रूपक समजतात. परंतु एमिली उपमा देत नाही. शुद्धीवर येताना आपले विमान कोसळले असून आपण शत्रूच्या ताब्यात आहोत, हे रुग्णालय म्हणजे केवळ बतावणी आहे, असे तिला खरोखरच वाटते. जे घडले आहे त्याचा अर्थ लावण्यासाठी ती तिच्या आयुष्यात प्रत्यक्ष लगत असलेल्या अनुभवाचा आधार घेते. वैमानिकाच्या बाबतीत अचानक अंधार, आघात आणि अनोळखी माणसांचे प्रश्न यांचा सर्वांत सयुक्तिक अर्थ अपघात हाच आहे. ती भ्रमिष्ट नाही, ती अपुऱ्या पुराव्यावरून योग्य तर्क करीत आहे. हे कळताच प्रेक्षकाची कणव आदरात रूपांतरित होते.

येथे अनुवादाच्या अंगाने एक मुद्दा नोंदवण्याजोगा आहे. इंग्रजीत तुटलेली भाषा दाखवताना कोपिट शब्दक्रम मोडतात, छोटे जोडशब्द गाळतात आणि नवे निरर्थक शब्द घडवतात. मराठीत व्याकरणिक संबंधांचा भार मुख्यतः विभक्तिप्रत्यय आणि लिंगवचनाची अनुरूपता यांवर असतो. शब्दक्रम मोडला तरी मराठी वाक्य बव्हंशी शाबूत राहते. म्हणजे एमिली मराठीत आणावयाची झाल्यास तिचे सामान्यरूप मोडावे लागेल, क्रियापदाचे लिंग चुकवावे लागेल. आणि स्वतःविषयी बोलताना 'गेले' ऐवजी 'गेला' म्हणणारी वृद्धा मराठी प्रेक्षकाला हास्यास्पद वाटण्याचा धोका पत्करावा लागेल. इंग्रजी संहितेत नसलेला हा धोका कुशल अनुवादकाला संधीही ठरू शकेल.

उपकरणांपूर्वीचे आकाश

एमिली कोणत्या काळातील वैमानिक आहे याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन लष्कराची 'कर्टिस जेनी' ही प्रशिक्षण विमाने मोठ्या संख्येने स्वस्तात विकली गेली. ती घेऊन तरुण वैमानिक गावोगाव फिरत, शेतात उतरत, कसरती दाखवत आणि पैसे घेऊन गावकऱ्यांना आकाशात फिरवून आणत. पंखावर चालणे हा त्या जत्रेचा भाग होता. 1926 च्या कायद्याने या व्यवसायाला वेसण घातली जाईपर्यंत परवान्याचा फारसा प्रश्नच नव्हता.

त्या विमानांत ढगांतून वा अंधारातून वाट दाखवणारी उपकरणे जवळजवळ नव्हती. क्षितिज दिसेनासे झाले की वैमानिकाच्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा त्याला फसवते. विमान वळत असताना ते सरळ चालले आहे असे वाटते, सरळ असताना कलल्यासारखे वाटते. केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करून जमिनीवर उतरण्याचा पहिला यशस्वी प्रयोग जिमी डूलिटल यांनी 24 सप्टेंबर 1929 रोजी केला. पुढील पिढीच्या वैमानिकांना शिकवले गेले की स्वतःच्या संवेदनेवर नव्हे, काट्यांवर विश्वास ठेवा. एमिलीच्या पिढीजवळ काटे नव्हते. तिची उपकरणे म्हणजे खालचा लोहमार्ग, नदी, धान्याची कोठारे आणि गावातले दिवे. अर्थात दुसऱ्या माणसांनी केलेल्या खुणा.

नाटकातील रुग्णालयाची दृश्ये या माहितीच्या प्रकाशात वेगळी वाचता येतात. एमिलीची आतली संवेदना तिला फसवते आहे. आपण बरोबर बोललो असे तिला वाटते आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळते की तसे नाही. तिला बाहेरच्या खुणांवर विसंबणे भाग आहे. अशी खूण म्हणजे उपचारतज्ज्ञ अ‍ॅमी. अ‍ॅमी एमिलीला तिच्या पराक्रमाच्या आठवणी सांगत नाही, तिचे गुणगान करीत नाही. ती ठरलेल्या वेळी येते, सोपे प्रश्न विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. जागेवर स्थिर राहणे, एवढेच दिव्याचे काम असते.

संग्रहालयातील जुन्या विमानाचा प्रसंगही याच अंगाने पाहावा लागतो. एमिलीला तिचा मुलगा तेथे नेतो आणि ते यंत्र तिला ओळखीचे वाटते. भावनाप्रधान वाचन येथे म्हणेल की प्रेम सर्वांवर मात करते. परंतु 1962 मध्ये ब्रेंडा मिल्नर यांनी दाखवून दिले होते की नव्या घटना लक्षात ठेवू न शकणारा रुग्णसुद्धा हाताचे नवे कौशल्य शिकतो, आपण ते शिकलो हे मात्र त्याला आठवत नाही. शरीराची स्मृती आणि सांगता येणारी स्मृती यांची घरे वेगळी आहेत. वैमानिकाचे ज्ञान बरेचसे पहिल्या घरात असते. त्यामुळे या प्रसंगाचे स्पष्टीकरण देण्यास चमत्काराची गरज नाही.

मराठी अभ्यासकाला येथे सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' (2013) हा चित्रपट आठवणे स्वाभाविक आहे. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक चक्रपाणी शास्त्री स्मृतिभ्रंशाच्या अवस्थेत एका हत्तीमागे चालत जातात आणि माहुताच्या कुटुंबात जाऊन पोहोचतात. त्यांची विद्वत्ता, त्यांचा लौकिक यांपैकी काहीही ठाऊक नसलेली माहुताची पत्नी त्यांना लेकरासारखे सांभाळते. मुलगी इरा मात्र वडिलांच्या जुन्या प्रतिमेसह त्यांना शोधत असते. 'विंग्ज' आणि 'अस्तु' यांच्यात विषयाचे साम्य वरवरचे आहे. परंतु परक्या माणसाची नजर रुग्णाला आज आहे तसा स्वीकारू शकते, कारण तिच्यापाशी तुलनेला दुसरा माणूस नसतो, हे निरीक्षण दोन्हीकडे आहे. मुलांना हे कसे जमावे, हा प्रश्न 'विंग्ज' सोडवत नाही. कोपिट यांनी मुलाला नाटकाच्या कडेलाच ठेवले आहे. तो प्रश्न रीव्ह लिंडबर्ग यांच्या पुस्तकाचा आहे.

रेडिओवरील शांतता

अ‍ॅन मॉरो लिंडबर्ग (1906–2001) यांची ओळख बहुधा चार्ल्स लिंडबर्ग यांची पत्नी किंवा 'गिफ्ट फ्रॉम द सी' (1955) या लोकप्रिय पुस्तकाच्या लेखिका अशी करून दिली जाते. त्या स्वतः वैमानिक होत्या. 1930 मध्ये ग्लायडरचा परवाना मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री ठरल्या. 1931 मध्ये कॅनडा व अलास्कामार्गे जपान व चीनपर्यंत आणि 1933 मध्ये अटलांटिक महासागराभोवती पाच महिन्यांहून अधिक काळ चाललेल्या पाहणी उड्डाणात त्या सहवैमानिक आणि रेडिओचालक होत्या. ते 'लॉकहीड सिरियस' विमान आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अवकाश संग्रहालयात आहे. 1934 मध्ये नॅशनल जिओग्राफिक सोसायटीचे हबर्ड पदक मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. या प्रवासांवर 'नॉर्थ टु द ओरिएंट' (1935) आणि 'लिसन! द विंड' (1938) ही पुस्तके त्यांनी लिहिली.

या पुस्तकांत पराक्रमापेक्षा कष्ट अधिक आहेत. मागच्या आसनावर बसून मोर्स लिपीत संदेश धाडणे, लांबलचक एरियल सोडणे व गुंडाळणे, खालच्या केंद्राचे उत्तर टिपून घेणे. 'लिसन! द विंड'चा मोठा भाग तर उड्डाणाचा नसून उड्डाण न होण्याचा आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील बाथर्स्ट येथे वारा पडलेला असतो आणि इंधनाने जड झालेले विमान पाण्यावरून उठत नाही. अशा वैमानिक स्त्रीकडे उड्डाण म्हणजे मुक्ती या कल्पनेने पाहणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. तिचे आकाशातील काम संपर्क टिकवण्याचे होते.

1990 च्या दशकाच्या आरंभी आलेल्या पक्षाघाताच्या झटक्यांनंतर त्यांची स्मृती व वाचा खालावत गेली. 1999 मध्ये त्यांना व्हरमाँट येथे कन्या रीव्ह यांच्या घराजवळ आणण्यात आले. 7 फेब्रुवारी 2001 रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. या काळाचे 'नो मोअर वर्ड्स' हे चित्रण आहे. आईचे शब्द जगभर वाचले गेले, आणि मुलीच्या वाट्याला तिचे न बोलणे आले. मुलगी स्वतःही लेखिका असल्याने या मौनात तिला केवळ दुःख नाही, एक प्रकारचा अपमानही जाणवतो. आपली चीड आणि थकवा रीव्ह लपवत नाहीत, हे पुस्तकाचे बळ आहे. वृद्ध मातापित्यांवरील लेखनात कृतज्ञतेचा जो एकसुरी सूर सर्वत्र आढळतो, आणि मराठी आत्मपर गद्यही त्याला अपवाद नाही, त्यातून हे पुस्तक बऱ्याच अंशी सुटले आहे.

मात्र रीव्ह यांना कोपिट यांच्याइतके अंतर उपलब्ध नव्हते. आईची सार्वजनिक आख्यायिका प्रचंड होती. 1932 मधील पहिल्या मुलाचे अपहरण व हत्या, 1940 च्या सुमारासची कुटुंबाची वादग्रस्त राजकीय भूमिका आणि नंतरची लेखनकीर्ती हे सर्व त्या खोलीत उपस्थित होते. त्यामुळे आईच्या प्रत्येक तुटक उद्गारात काही गहन अर्थ शोधण्याचा मोह पुस्तकात वारंवार डोके वर काढतो. काही ठिकाणी लेखिका त्याला बळी पडते आणि तेथे गद्य सैल होते. जेथे ती अर्थ न लावता केवळ जवळ बसून राहते, तेथे ते घट्ट आहे. रेडिओचालकाच्या परिभाषेत बोलावयाचे तर आता मुलगी जमिनीवरच्या केंद्रात आहे आणि विमानाकडून संकेत येत नाहीत. अशा वेळी केंद्राने संदेश कल्पून नोंदवहीत लिहू नये, आणि कान काढूनही घेऊ नये. पुस्तकाची उत्तम पाने या दोन चुकांच्या मधली आहेत.

प्रयोगाचा प्रश्न

2017 मध्ये लंडनच्या यंग विक नाट्यगृहात नताली अब्राहामी यांच्या दिग्दर्शनाखाली 'विंग्ज'चा नवा प्रयोग झाला. त्यात एमिलीच्या भूमिकेतील ज्युलिएट स्टीव्हन्सन यांना तारांच्या साहाय्याने हवेत तरंगत ठेवण्यात आले होते. या योजनेमागे विचार होता: पायाखालची जमीन सुटणे हा रुग्णाचा अनुभव प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसावा. अभिनेत्रीच्या दृष्टीने ते अवघड आणि कष्टाचे काम होते यातही शंका नाही. तरीही संहितेच्या दृष्टीने ही योजना वादग्रस्त ठरते. शरीर प्रत्यक्ष तरंगू लागले की प्रेक्षकाच्या मनात तेच जुने रूपक जागे होते, ज्यापासून संहितेने स्वतःला कष्टाने दूर ठेवले होते. मूळ कृती श्रुतिका होती, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. तेथे एमिली कोठे आहे हे कोणालाच दिसत नव्हते; श्रोत्याला तिच्याइतकेच चाचपडावे लागत होते.

नाटकाच्या अखेरच्या भागात एमिलीला एक जुनी रात्र आठवते. ती एकटी उडत असते, वाट चुकलेली असते, आणि खाली एका लहानशा गावाचे दिवे दिसतात. ही आठवण ती अ‍ॅमीला सांगते आणि आता तिची वाक्ये आरंभीच्या मानाने पुष्कळ सावरलेली असतात. पुनर्वसन सफल झाले असे वाटण्याजोगा हा क्षण आहे, आणि त्याच क्षणी ती हातची निसटते. अ‍ॅमीला तिला थांबवता येत नाही. कोपिट यांनी हा शेवट मृत्यू आहे की दुसरा झटका हे स्पष्ट केलेले नाही, आणि दिग्दर्शकांनीही ते ठरवण्याची घाई करू नये. त्या क्षणी मंचावर प्रकाश कोणावर असावा, हा निर्णय अधिक महत्त्वाचा आहे. तो एमिलीबरोबर वर जावा, की खाली उभ्या असलेल्या अ‍ॅमीवर राहावा? संहिता दोन्ही शक्यता खुल्या ठेवते. वरील विवेचन ग्राह्य मानल्यास दुसरी शक्यता नाटकाला अधिक जवळची आहे.